गादीखालचं वाङ्मय

पहूरच्या बसस्टँडवर जळगावची, संभाजीनगरची आणि जामनेरची गाडी धरणारी माणसं एकमेकांत मिसळतात. तिथल्या पुस्तकाच्या टपरीत एके काळी दोन मांडण्या असत. एक दोरीला लटकवलेली, दुसरी राशिभविष्याच्या गठ्ठ्याखाली. ‘पिवळं’ म्हटलं की टपरीवाला नाव विचारत नसे. पिन मारलेलं पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून हातात यायचं. वाचून परत दिलं की निम्मे पैसे परत.

आता तोच माल ‘चावट कथा’ म्हणून मोबाइलवर फिरतो. माल भरपूर, पण लेखक कोण, साल कोणतं, काही पत्ता नाही. तीच भाडेकरू, तीच शेजारीण, तीच रात्रीची बस. पात्रांची नावं बदलायची आणि कंटाळा आला की शेवट छाटायचा. कुणी जुनं पुस्तक श्रीलिपीत टाइप करून ठेवलं असेल, तर फाँटशिवाय उघडल्यावर नुसती चिन्हं दिसतात. कुणी रोमन अक्षरांत उतरवतं, तेव्हा ‘ण’ आणि ‘न’ एकच होतात.

गंमत म्हणजे, नीट टिकलं ते खटल्यात सापडलेलं. ‘रंभा’च्या १९६२च्या दिवाळी अंकातल्या चंद्रकांत काकोडकरांच्या ‘शामा’ या कथेला उच्च न्यायालयाने अश्लील ठरवलं, १९६९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडवलं. निशिकांत या कवीची ती कहाणी निकालपत्रात अशी तपशिलात आली आहे की अंक हाताशी नसला तरी कथानक कळतं. फिर्यादीने राखलेलं वाङ्मय! र. धों. कर्व्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ (१९२७–५३) कथांचं मासिक नव्हे, पण तेही अभ्यासकांच्या कपाटात पोचलं ते बऱ्याच अंशी खटल्यांच्या गाजावाजामुळे.

बाकीच्यांचं काय? १९५४च्या कायद्याने प्रकाशकाने पुस्तकाच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांत पाठवायच्या असतात. ज्याच्या पुस्तकावर छापखान्याचाच पत्ता खोटा, तो कशाला पाठवतो? शं. ग. दात्यांची ग्रंथसूची १९५०ला थांबते. पुढचा हिशेब रद्दीवाल्याच्या काट्यावर.

स्कॅन केलं की सगळं वाचलं, असंही नाही. ‘आवाज’ दिवाळी अंकातल्या खिडकीचित्राची सगळी मजा पान उलटण्यात असते. खिडकीतून भलतंच काही दिसतं, पान उलटलं की साधंच निघतं, आणि लाज आपल्यालाच वाटते. पीडीएफमध्ये तिथे एक चौकोन उरतो.

कलेच्या बाजूने माझी मुख्य तक्रार भाषेची आहे. खानदेशात हजारोंनी वाचल्या गेलेल्या या कथांत खानदेशी माणूस बोलतच नाही. तावडी बोली नाही, अहिराणी नाही. शृंगार सगळा क्रमिक पुस्तकातल्या मराठीत. आमच्याकडे लग्नात विहिणींना चिडवणाऱ्या बायांच्या गाण्यांत याहून तिखट मराठी असते.

मागे रद्दीत एक पुस्तक मिळालं. ऐन रंगात आलेलं पान फाडलेलं. समासात बॉलपेनने कुणीतरी लिहिलं होतं, ‘पुढचं पान कोनं फाडलं रे भो?’ खाली दुसऱ्या अक्षरात, दुसऱ्या शाईत, पुढची गोष्ट रचलेली. साडेतीन ओळींची, अस्सल तावडीत.