'आम्ही' की 'आपण'? : हिरोशिमाच्या स्मृतिलेखातील अनुक्त कर्ता

हिरोशिमा येथील शांतिस्मृती उद्यानात वास्तुशिल्पी केन्झो तांगे यांनी उभारलेल्या कमानीखाली एक पाषाणपेटी आहे. अणुबॉम्बला बळी पडलेल्यांच्या नावांच्या वह्या तिच्यात ठेवल्या जातात. २०२४ पर्यंत या वह्यांत ३ लाख ४४ हजारांहून अधिक नावे नोंदली गेली होती. पेटीच्या दर्शनी बाजूवर कोरलेला लेख अवघ्या दोन लहान वाक्यांचा आहे. पहिल्यात मृतांना शांतपणे विसावण्याची विनंती आहे, तर दुसऱ्यात चूक पुन्हा न करण्याचे वचन. स्मारकाचे अनावरण ६ ऑगस्ट १९५२ रोजी झाले. अमेरिकाप्रणीत ताबा संपून तेव्हा जेमतेम तीन महिने लोटले होते. लेखाचे कर्ते तादायोशी साइका हे हिरोशिमा विद्यापीठात इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक होते आणि स्वतः अणुबॉम्बच्या आघातातून वाचलेले होते. युद्धबळींच्या सार्वजनिक स्मरणातील भाषा राष्ट्राराष्ट्रांतील समेटाला कोठवर उपयोगी पडते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात या दोन वाक्यांच्या आधारे केला आहे.

लेखावरील पहिला गाजलेला आक्षेप एका भारतीयाचा होता, ही बाब आपल्या वाचकांच्या दृष्टीने लक्षणीय ठरावी. टोकियो येथील युद्धगुन्हे न्यायाधिकरणात भिन्नमतपत्र देणारे न्यायमूर्ती राधाविनोद पाल नोव्हेंबर १९५२ मध्ये हिरोशिमाला आले होते. चूक कोणाची, असे त्यांनी विचारले. बॉम्ब जपानी लोकांनी टाकलेला नसता त्यांनी चुकीची कबुली का द्यावी, असा त्यांचा रोख होता. साइका यांनी त्यांना पत्राने उत्तर पाठविले. हिरोशिमाचे नागरिक हे जगाचे नागरिक या नात्याने बोलत आहेत, असा त्या उत्तराचा आशय होता. साइका यांनीच केलेल्या इंग्रजी भाषांतरात प्रथमपुरुषी अनेकवचनी सर्वनाम स्पष्टपणे आले आहे. मूळ जपानी लेखात मात्र ते नाही.

या लेखाला कर्ताच नाही, असे सरसकट म्हटले जाते. ते विधान तपासून घेण्याजोगे आहे. मूळ वाक्यातील क्रियापद सकर्मक आहे. 'चूक' हे पद विषयदर्शक प्रत्यय लावून पुढे आणले आहे आणि क्रियापदाचे रूप आदरार्थी आहे. म्हणजे बोलणारा मृतांना उद्देशून बोलत आहे आणि एक क्रिया न करण्याची हमी देत आहे. त्यामुळे 'चूक पुन्हा होणार नाही' असे मराठी रूपांतर सोयीचे वाटले तरी ते सदोष होय. 'होणे' या क्रियापदात जबाबदारी विरून जाते. 'चूक पुन्हा करणार नाही' हे रूपांतर मूळाच्या अधिक जवळचे आहे. येथे कर्ता अध्याहृत आहे, अनुपस्थित नाही. 'करणार नाही' हे रूप मराठीतही 'मी', 'आम्ही' आणि 'आपण' या तिघांनाही चालते, आणि शिळेपुढे उभा राहून वाक्य वाचणारा प्रत्येक जण क्षणभर त्याचा कर्ता होतो. या रचनेचे खरे बळ येथे आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

परंतु सर्वनाम उच्चारण्याची वेळ आली की मराठी भाषकाला इंग्रजीची सवलत मिळत नाही. ऐकणाऱ्याला वगळणारे 'आम्ही' आणि त्याला सामावून घेणारे 'आपण' यांतून त्याला एक निवडावे लागते. (व्याकरणाच्या तासाला हा भेद आपण एका वाक्यात उरकतो. त्यात केवढे राजकारण दडलेले आहे, हे क्वचितच सांगितले जाते.) पाल यांनी हा लेख 'आम्ही जपानी' असा वाचला. साइका यांना 'आपण सर्व मानव' असा अर्थ अभिप्रेत होता. पुढे नगरपालिकेने १९८३ मध्ये स्मारकाजवळ खुलासा करणारा फलक लावून दुसऱ्या अर्थावर शिक्कामोर्तब केले. युद्धाचे दुष्कृत्य पुन्हा न करण्याच्या प्रतिज्ञेत सर्वांनी सहभागी व्हावे, असे त्यावर सांगितले गेले. वादाला मात्र विराम मिळाला नाही. जुलै २००५ मध्ये उजव्या गटाशी संबंधित एका तरुणाने शिळेवरील नेमका 'चूक' हाच शब्द छिन्नीने विद्रूप केला. त्याच वर्षी टोकियोच्या यासुकुनी देवस्थानात पाल यांचे स्मारकही उभे राहिले. एका न्यायाधीशाचा प्रश्न जपानमधील राष्ट्रवाद्यांच्या हाती कसा गेला, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

'आपण' हे सर्वनाम उदार आहे, यात शंका नाही. त्याची किंमत कोणी मोजली, हे मात्र पाहिले पाहिजे. १९१० मध्ये जपानने कोरिया आपल्या राज्याला जोडला. त्यानंतर उपजीविकेसाठी आलेले आणि युद्धकाळात सक्तीने आणलेले असे हजारो कोरियन हिरोशिमात राहत होते. त्यांच्या स्मरणार्थ १९७० मध्ये उभारलेल्या स्मारकावर २० हजार मृतांचा उल्लेख आहे. दगडी कासवाच्या पाठीवर उभा असलेला हा स्तंभ होन्कावा पुलाजवळ, नदीच्या पलीकडे, म्हणजे उद्यानाच्या बाहेर होता. उद्यानात नवे स्मारक होऊ द्यायचे नाही, हे नगरपालिकेने दिलेले कारण होते. नियम म्हणून ते बिनतोड असेलही. पण साऱ्या मानवजातीच्या वतीने बोलणारी शिळा नदीच्या एका काठावर आणि वसाहतीतून आलेल्या मृतांचे स्मारक दुसऱ्या काठावर, ही स्थिती १९९९ पर्यंत कायम राहिली. त्या वर्षी जुलैमध्ये स्तंभ उद्यानात हलविण्यात आला.

जिवंत राहिलेल्यांची कथा याहून कठोर आहे. मायदेशी परतलेल्या कोरियन पीडितांना जपानी कायद्यानुसार मिळणारे साहाय्य दीर्घकाळ मिळू शकले नाही. १९७८ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने उपचारांसाठी बेकायदा प्रवेश केलेल्या एका कोरियन पीडिताच्या बाजूने निकाल दिला. तरीही पीडित व्यक्ती जपानबाहेर गेली की तिचा भत्ता थांबावा, असा १९७४ सालचा प्रशासकीय आदेश २००३ पर्यंत टिकून होता. शिळेवर 'आपण' आणि कार्यालयीन आदेशात 'आम्ही', असे हे द्वैत आहे. साइका यांच्या हेतूविषयी येथे कोणताही संशय घेतलेला नाही. परंतु 'आम्ही हे केले' असे म्हणण्याआधीच 'आपण' म्हटले गेले, तर ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाही न विचारता प्रतिज्ञेत ओढले जाते आणि त्याचे गाऱ्हाणे ऐकण्याची जागाच उरत नाही.

अनुक्त कर्ता दोन बलाढ्य राष्ट्रांना मात्र मानवतो. २७ मे २०१६ रोजी बराक ओबामा येथे आले. त्यांच्या भाषणाच्या आरंभी मृत्यू आकाशातून उतरला. तो कोणी उतरविला, हे वाक्याने सांगितले नाही. मृतांमध्ये त्यांनी हजारो कोरियनांचा उल्लेख केला, पण त्यांच्या स्मारकापाशी ते गेले नाहीत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शिंझो आबे यांनी पर्ल हार्बरला भेट दिली. दोघांनीही क्षमा मागितली नाही. तरी या भेटींचे स्वागत झाले आणि ते अनाठायी होते, असे म्हणता येणार नाही. मात्र हा समेट परस्परांचे कर्तृत्व न उच्चारण्याच्या सामंजस्यावर उभा होता. तिसऱ्याला त्यात उल्लेखापुरतीच जागा होती.

कर्ता उच्चारण्याचे प्रयत्न जपानमध्ये झालेच नाहीत, असे नाही. हिरोशिमाच्या शांतिस्मृती संग्रहालयात १९९४ पासून या शहराचा लष्करी केंद्र म्हणून असलेला इतिहासही मांडला गेला. २१ मे २०२३ रोजी जपानचे पंतप्रधान फुमिओ किशिदा आणि दक्षिण कोरियाचे अध्यक्ष यून सुक-योल यांनी कोरियन बळींच्या स्तंभापुढे एकत्र मान झुकविली. १९७० पासून असा प्रसंग घडायला ५३ वर्षे जावी लागली.

हा स्मृतिलेख मराठीत आणणाऱ्याने 'करणार नाही' हे क्रियापद ठेवावे आणि सर्वनाम घालू नये. ती जागा मूळातही रिकामीच आहे, आणि मराठीला ती रिकामी ठेवता येते. मात्र खाली टीप द्यावी आणि तीत नदीपलीकडचा तो स्तंभ १९९९ पर्यंत कोठे होता, हे लिहावे.