विजयदुर्गावरचे ‘साहेबाचे ओटे’ : एका लाडक्या कथेची तपासणी

कॅम्पातून आमची गाडी भल्या पहाटे निघते. आंबोली घाट उतरायचा, सावंतवाडी, कणकवली करत तळेऱ्याला डावीकडं वळायचं, की रस्ता थेट विजयदुर्गाच्या दारात. शिलाहार राजा दुसरा भोज यानं बाराव्या शतकाच्या अखेरीस हा किल्ला बांधला, असं परंपरा मानते. पुढं आदिलशाही, मग शिवाजी महाराज, मग आंग्रे. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी तो घेतला, तेव्हा तुळाजी आंग्र्यांचं आरमार इथंच जळालं.

एवढा इतिहास असूनही बघायला आलेला माणूस घरी जाऊन सांगतो ती गोष्ट वेगळीच. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ म्हणून चौथरे आहेत. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियरनं इथून दुर्बीण लावली आणि हेलियमचा शोध लागला, अशी ती कथा. मीसुद्धा कित्येक वर्षं पाहुण्यांना हेच सांगत आलो. खोटं कशाला बोलू!

मग एकदा नोकरीतल्या सवयीनं हिशोब मांडून बघितला. ऑगस्ट म्हणजे श्रावण. बेळगावात आपल्याला आठवडाभर ऊन दिसत नाही, मग कोकणच्या किनाऱ्यावर काय असणार? शिडाच्या जहाजांना समुद्र बंद, आभाळ भरलेलं. ग्रहण बघायला अशी जागा कोण निवडेल? त्या वेळचे निरीक्षक गेले ते घाटावर. लेफ्टनंट जॉन हर्शेल आपल्या शेजारच्या जमखंडीला होता, कॅप्टन हेग विजापूरला. जमखंडीतही ढगांनी छळलंच. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन पार गुंटूरला होता.

आणि लॉकियर? तो तेव्हा भारतात नव्हताच. त्याचा नवा वर्णपटदर्शक त्याच्या हाती पडला ऑक्टोबरमध्ये. २० ऑक्टोबर १८६८ ला त्यानं इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. ती पिवळी रेषा ओळखीच्या कुठल्याही मूलद्रव्याची नाही, म्हणून पुढं हेलियम हे नाव आलं. पृथ्वीवर तो वायू रॅमझेला सापडला १८९५ मध्ये.

मग ओटे कुणाचे? नाव ‘साहेबाचे’ आहे ते उगाच नाही. लॉकियर विजयदुर्गावर खरंच आला होता, पण तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी त्याची मोहीम इथं उतरली. ‘मेलपोमीनी’ या युद्धनौकेवरचे खलाशी मदतीला होते. जानेवारीचं स्वच्छ आभाळ, शांत समुद्र, जहाजातून थेट किल्ल्यावर सामान. अवजड उपकरणं हलू नयेत म्हणून पक्के ओटे लागतात, हे कुठलाही इंजिनियर सांगेल. त्यामुळं ओट्यांचा संबंध १८९८ शी जोडणं जास्त पटतं. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक कावसजी नायगामवाला करमाळ्याजवळच्या जेऊरला वेधशाळेची उपकरणं घेऊन गेले होते. आपल्याकडच्या या माणसाचं नाव मात्र या कथेत कुणी घेत नाही.

दोन ग्रहणं, एकच साहेब. लोकांच्या आठवणीत त्यांची सरमिसळ झाली. यात लबाडी कुणाची नाही. पण जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात विजयदुर्गही आहे. आता परदेशी अभ्यासकही येणार. त्यातल्या एखाद्यानं हेलियमची कथा दोन मिनिटांत खोडली, तर आरमाराच्या, तटाच्या आपल्या खऱ्या गोष्टींवर तरी तो विश्वास का ठेवील? सगळा तोटा तिथंच आहे.

ओटे जरूर दाखवा. फक्त सन १८९८ सांगा, आणि हेलियम ‘इथं सापडला’ऐवजी ‘तो ओळखणारा माणूस इथं येऊन गेला’ म्हणा. गोष्ट तेवढीच रंगते, शिवाय टिकते. आणि जायचंच असेल तर लॉकियरसारखं जानेवारीत जा!