शेवटचा थांबा: एका सपाट रंगमंचाची मीमांसा

व्हिडिओ गेमला कलाकृती म्हणावे का, या वादात मी इथे शिरत नाही. एका खेळातील एका जागेचा अर्थ लावणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. खेळ आहे निन्टेन्डोचा ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ आणि जागा आहे त्यातील अखेरच्या लढतीचा मंच, ‘फायनल डेस्टिनेशन’.

मासाहिरो साकुराई यांच्या दिग्दर्शनाखाली एचएएल लॅबोरेटरीने घडवलेला हा खेळ १९९९ मध्ये आला. मारिओ, लिंक, पिकाचू अशी निरनिराळ्या खेळांतली १२ पात्रे त्यात एकमेकांशी लढतात. बहुतेक लढती कोणाच्या ना कोणाच्या घरी होतात. हायरूलचा किल्ला लिंकच्या जगातला. तिथे वावटळ येते. सॅफ्रन शहर पिकाचूच्या जगातले. तिथे दारातून अचानक एखादा पोकेमॉन बाहेर पडतो. अखेरचा मंच मात्र कोणाचाच नाही. अवकाशात तरंगणारा एक सपाट चौथरा आणि त्यावर वाट पाहणारा, पांढऱ्या हातमोज्यातला एक प्रचंड हात: मास्टर हॅण्ड.

हा हात खेळाडूने आधी पाहिलेला असतो. आरंभीच्या दृश्यात तोच पात्रांच्या बाहुल्या टेबलावर मांडतो आणि पाहता पाहता टेबलाचे रणांगण होते. म्हणजे अखेरची लढत बाहुलीची सूत्रधाराशी आहे. आपल्या नाटकातला सूत्रधार आरंभ करून देऊन आत जातो. हा शेवटी परततो आणि स्वतःचे नियम घेऊन येतो. एरवी मार खाल्ला की पात्राची टक्केवारी वाढते, ती जितकी जास्त तितके ते दूर फेकले जाते आणि मंचाबाहेर पडणे हाच पराभव. हाताला हे लागू नाही. त्याच्याजवळ ३०० गुण असतात; ते शून्यावर आणावे लागतात. बाहुली कडेवरून पडते, हात पडत नाही. ही विषमता सपाट जमीन झाकत नाही, उघडी पाडते. इथे लपायला आडोसा नाही.

मंचाचे जपानी नाव ‘शूतेन’, म्हणजे गाडीचा शेवटचा थांबा. इंग्रजी नावात नियतीचा गंभीर सूर आहे. जपानी नाव रोजच्या प्रवासातले आहे. गाडी पुढे जात नाही, उतरा. मला तेच अधिक खरे वाटते.

पहिल्या खेळात हा मंच खेळाडूंना आपसातल्या लढतीसाठी निवडता येत नव्हता. २००१ च्या ‘मेली’मध्ये तो खुला झाला. हात गेला, चौथरा उरला. हळूहळू तो निखळ न्यायाचे प्रतीक बनला: अडथळा नाही, नशीब नाही, केवळ कौशल्य. माझा आक्षेप नेमका इथे आहे. सपाटपणा तटस्थ नसतो. वर चढायला फळ्या नसल्या की दुरून मारा करणाऱ्याचे फावते, आणि जवळ जाऊन लढणाऱ्या संथ पात्राला सगळे अंतर उघड्यावर कापावे लागते. मुरलेले स्पर्धक हे ओळखून असतात. लढतीआधी नको ते मंच बाद करण्याची पद्धत स्पर्धांत रूढ आहे आणि प्रतिस्पर्ध्याचे पात्र पाहून अनेकदा हाच मंच बाद केला जातो. अडथळे काढल्याने समता येत नाही. कोणता अडथळा कोणाचा आधार होता, ते फक्त दिसेनासे होते.

२०१४ च्या आवृत्त्यांत इतर मंचांनाही ‘ओमेगा’ हे सपाट रूप मिळाले. कोणाचेही घर निवडा, ते मागच्या पडद्यावर दिसते. पायाखालची जमीन मात्र तीच. अनेक जगे एकत्र आणणाऱ्या खेळाची गंमत दुसऱ्याच्या घरी, त्याच्या अटींवर लढण्यात होती. ती या रूपात ओसरते. पाहुणे येतात, पण कोणी कोणाच्या घरी जात नाही.

२०१८ च्या ‘अल्टिमेट’मध्ये मात्र कथेच्या अखेरच्या टप्प्यात एक विलक्षण वळण आहे. थोडा वेळ खेळाडूच मास्टर हॅण्ड होतो आणि बाहुल्यांच्या बाजूने लढतो. कंट्रोलर धरलेला हात आणि पडद्यावरचा हात एक होतात. १९९९ च्या आरंभदृश्यात जे सुचवले होते, ते इथे उघड होते: बाहुल्या हलवणारा हात आपलाच होता. म्हणूनच, जमीन सपाट कोणी केली असे विचारताना पडद्याकडे बोट दाखवून भागत नाही. ते बोटही त्याच हाताचे आहे.