अरण्ययुद्धातील रणगाडे : ‘माउंटेड कॉम्बॅट इन व्हिएतनाम’ या ग्रंथाची चिकित्सा

प्रस्तावना

अरण्ययुद्ध म्हटले की पायदळ आणि हेलिकॉप्टर यांचेच चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. रणगाडा हे मोकळ्या मैदानाचे शस्त्र, ही समजूत लष्करी विचारात दीर्घकाळ रूढ होती. जनरल डॉन स्टॅरी यांच्या ‘माउंटेड कॉम्बॅट इन व्हिएतनाम’ (१९७८) या ग्रंथाने या समजुतीला पुराव्यानिशी आव्हान दिले. स्टॅरी यांनी १९६९-७० मध्ये व्हिएतनाममधील अकराव्या चिलखती रेजिमेंटचे नेतृत्व केले होते. अनुभव हे या ग्रंथाचे बळ आहे. त्याच्या मर्यादाही तेथूनच सुरू होतात.

ग्रंथाचे प्रतिपादन

जून १९५४ मध्ये फ्रेंचांचे ‘ग्रुपमाँ मोबिल १००’ हे दल आन खे ते प्लेकू मार्गावर उद्ध्वस्त झाले. ‘व्हिएतनाममध्ये चिलखती दल निरुपयोगी’ या मतास या पराभवाचा आधार मिळाला. स्टॅरी दाखवून देतात की, हे दल प्रामुख्याने ट्रकमधून जाणाऱ्या पायदळाचे होते; त्याच्या नाशावरून रणगाड्यांविषयी निष्कर्ष काढणे मुळातच सदोष होते. तरीही १९६५ मध्ये अमेरिकेच्या पहिल्या पायदळ डिव्हिजनला आपल्या रणगाडा पलटणी मायदेशी ठेवून जावे लागले.

१९६७ च्या लष्करी पाहणीनुसार कोरड्या ऋतूत देशाच्या ६१ टक्के व पावसाळ्यात ४६ टक्के भूभागावर रणगाडे, तर ६५ टक्के भूभागावर वर्षभर एम-११३ चिलखती वाहने फिरू शकत होती. जानेवारी १९६३ मध्ये आप बाक येथे उघड्यावर उभ्या असलेल्या मशिनगनचालकांची मोठी हानी झाली. पुढे या वाहनांना संरक्षक पोलादी ढाली बसवल्या गेल्या. झाडी मोडत जाणारे चिलखती दल शत्रूला शोधून खिळवून ठेवी आणि पायदळ त्याच्या वाटा रोखी. भूमिकांच्या या अदलाबदलीचे विवेचन हा ग्रंथाचा सर्वांत मौलिक भाग होय.

चिकित्सा

मात्र हे ज्ञान खरोखर नवे होते काय? १३ एप्रिल १९४४ रोजी इम्फाळजवळील नुंगशिगुम टेकडीच्या अरुंद कण्यावर तिसऱ्या कॅराबिनियर्सचे ली रणगाडे चढले आणि डोग्रा रेजिमेंटच्या जवानांसह त्यांनी जपानी मोर्चे घेतले. दोन दशकांनंतर तोच वाद पुन्हा उद्भवला. प्रश्न केवळ भूप्रदेशाचा नव्हता, तो संस्थात्मक विस्मृतीचाही होता.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. रणगाडा जंगलात चालू शकतो, हे सिद्ध झाल्याने त्याने युद्धाचा हेतू साधला असे सिद्ध होत नाही. पाहणीतील टक्केवारी जमीन मोजते. त्या जमिनीवरील गावे, भातशेती आणि माणसे ती मोजत नाही. रस्त्यांच्या कडेचे जंगल भुईसपाट करणारे बुलडोझर ग्रंथात तंत्र म्हणून येतात, त्या जंगलावर जगणाऱ्यांच्या दृष्टीने नव्हे. विवेचनाचा मुख्य आधार अमेरिकी लष्कराचे अहवाल असल्यामुळे शत्रूची हानी आणि मोहिमांचे यश यांची पडताळणी दुसऱ्या बाजूने फारशी होत नाही.

भूसुरुंगांबाबत मात्र स्टॅरी प्रांजळ आहेत. वाहनांची सर्वाधिक हानी सुरुंगांनी केली आणि त्यावर समाधानकारक उपाय सापडला नाही, हे ते मान्य करतात. ही कबुली ग्रंथाच्या मूळ सिद्धांताला आतून प्रश्न विचारते. जे वाहन सर्वत्र जाऊ शकते, त्यालाही अखेर ठरावीक वाटाच वापराव्या लागत असतील, तर जमिनीवर सत्ता कोणाची?

निष्कर्ष

या प्रश्नाचे उत्तर इतिहासाने उपरोधाने दिले. उत्तर व्हिएतनामने १९७२ मध्ये टी-५४ रणगाडे मोठ्या प्रमाणावर रणात उतरवले आणि ३० एप्रिल १९७५ रोजी सायगावच्या राजप्रासादाचे फाटक त्यांच्याच रणगाड्यांनी तोडले. व्हिएतनाममध्ये रणगाडा उपयुक्त आहे, हा स्टॅरी यांचा सिद्धांत खरा ठरला. परंतु त्याची अखेरची साक्ष प्रतिपक्षाने दिली.

एका चुकीच्या समजुतीचे साधार खंडन म्हणून हा ग्रंथ निःसंशय महत्त्वाचा आहे. युद्धाचे मूल्यमापन म्हणून तो अपुरा आहे. शासकीय युद्धेतिहास साधनग्रंथ म्हणून वापरताना ‘हे शक्य होते काय’ आणि ‘यातून काय साधले’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवणे अभ्यासकाला अगत्याचे आहे.