स्वमग्नतेचे निदान आणि लिंगभेद : एक परीक्षण

स्वमग्नतेच्या वर्णनात मुलगे आरंभापासूनच अग्रभागी राहिले आहेत. लिओ कॅनर यांच्या १९४३ च्या निबंधातील ११ मुलांत ८ मुलगे व ३ मुली होत्या. व्हिएन्नाच्या हान्स आस्पर्गर यांनी १९४४ साली सविस्तर वर्णिलेले चौघेही मुलगेच होते. आस्पर्गर यांनी या प्रकृतीत पुरुषी बुद्धीचे पराकोटीचे रूप पाहिले. तथापि मुलींचा अभाव हा योगायोग असेल, अथवा त्यांची लक्षणे वयात आल्यावरच उघड होत असतील, ही शंकाही त्यांनी नोंदविली होती. २००२ साली सायमन बॅरन-कोहेन यांनी पुरुषी मेंदूची उपपत्ती विस्ताराने मांडली. परंतु मूळची शंका दीर्घकाळ उपेक्षितच राहिली.

एका मुलीमागे चार मुलगे हे रूढ प्रमाण नेमके कशाचे मोजमाप आहे? लूम्स, हल व मँडी यांनी २०१७ साली ५४ अभ्यासांचे एकत्रित परीक्षण केले. पूर्वी झालेल्या निदानांवर विसंबणाऱ्या अभ्यासांत एका मुलीमागे ४.५६ मुलगे आढळले. जेथे लोकसमूहात प्रत्यक्ष शोध घेतला गेला, तेथे ३.२५. अंतर उरतेच, हे खरे. पण त्याचा काही अंश निसर्गाचा नसून निदानपद्धतीचा आहे.

या दोषाचे एक कारण भाषेत सापडते. बोलताना अडखळल्यास इंग्रजी भाषक ‘अह्’ किंवा ‘अम्’ असा उच्चार करतात. पॅरिश-मॉरिस व सहकाऱ्यांना २०१७ साली असे आढळले की, स्वमग्न मुलग्यांत ‘अम्’चे सापेक्ष प्रमाण कमी असते, स्वमग्न मुलींत ते स्वमग्न नसलेल्या मुलांप्रमाणेच असते. २०१९ च्या कथाकथनविषयक अभ्यासात स्वमग्न मुलींनी नामे स्वमग्न मुलग्यांप्रमाणे अधिक वापरली. विचार करणे, जाणणे अशी मनोव्यापारवाचक पदे मात्र इतर मुलींप्रमाणे वापरली. ऐकणाऱ्याला हे दुसरे अंगच जाणवते आणि तो निःशंक होतो.

२०१७ च्या अभ्यासाने यास ‘भाषिक छद्मावरण’ म्हटले. ही संज्ञा विवाद्य आहे. काही स्वमग्न स्त्रिया जाणीवपूर्वक आपली लक्षणे झाकतात, हे निर्विवाद. परंतु ‘अम्’ हा उच्चार कोणी योजून करीत नाही. त्याला आवरण म्हणणे म्हणजे मुलग्यांची भाषा हाच स्वमग्नतेचा खरा चेहरा मानणे होय. ज्या गृहीताने मुली निदानाबाहेर राहिल्या, तेच येथे संज्ञेच्या रूपाने परत येते. शिवाय ही गमके इंग्रजीतील आहेत. मराठी मुलींच्या बोलण्याची स्वतंत्र तपासणी झाल्यावाचून ती त्यांना लावणे म्हणजे एक परकी फूटपट्टी टाकून दुसरी उचलणे ठरेल.