ध्वनीचा आलेख आणि अरण्याची साक्ष

ध्वनीचे चित्र काढणारे यंत्र भाषेच्या अभ्यासकांना नवे नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ते सिद्ध झाले, आणि १९४७ मध्ये त्याविषयीचा ‘व्हिजिबल स्पीच’ हा ग्रंथ निघाल्यापासून स्वर-व्यंजनांचे आलेख वाचणे हा स्वनविज्ञानाचा नित्यपाठ होऊन बसला. आडवा काळ, उभी कंप्रता आणि काळेपणात तीव्रता, एवढीच त्याची लिपी. ह्याच जातीचे आलेख २०१६ साली पॅरिसच्या फाँदासियाँ कार्तिए ह्या कलासंस्थेत भिंतीभर उजळले. फरक इतकाच की, बोलणारी माणसे नव्हती; पक्षी, कीटक, बेडूक आणि देवमासे होते.

‘द ग्रेट अ‍ॅनिमल ऑर्केस्ट्रा’ ही ती कृती. ध्वनिमुद्रणे बर्नी क्राउस ह्या अमेरिकन संगीतकाराची, दृश्ययोजना लंडनच्या युनायटेड व्हिज्युअल आर्टिस्ट्स ह्या मंडळाची. क्राउस १९६८ पासून अरण्यध्वनींचे मुद्रण करीत आले असून त्यांचा संग्रह सुमारे ५००० तासांचा आहे. त्यांतील जवळजवळ निम्म्या मुद्रणांची स्थळे आज इतकी पालटली आहेत की, तेथील मूळ ध्वनी पुन्हा ऐकू येणे नाही, असे ते स्वतः सांगतात. तेव्हा कृतीमागील कळकळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो तिच्या साधनांचा.

क्राउस यांचा मुख्य सिद्धांत असा की, निकोप अरण्यात प्रत्येक जाती आपापला कंप्रतापट्टा किंवा आपापली वेळ राखून असते. एकीचा आवाज दुसरीच्या आवाजावर पडत नाही. ‘पाट’ आणि ‘पाठ’ हे शब्द ज्या भेदामुळे वेगळे राहतात त्या भेदाचा विचार करणाऱ्यास ही कल्पना ओळखीची वाटावी. परंतु साम्य येथेच संपते. भाषेतील भेद एकाच समाजाच्या परस्पर-व्यवहारासाठी असतात. अरण्यात बेडूक बेडकासाठी बोलतो, रातकिडा रातकिड्यासाठी. सगळ्यांचे मिळून ऐकणारा श्रोता तेथे कोणी नाही. ‘वाद्यवृंद’ ही उपमा तो श्रोता गुपचूप आणून बसवते, आणि तो अर्थातच तिकीट काढून आलेला माणूस असतो. (सिद्धांत स्वतः अद्याप सर्वमान्य नाही, ही गोष्ट वेगळी.)

माणसाच्या ध्वनीला क्राउस यांनी जीवध्वनी आणि भूध्वनी यांच्यापासून वेगळा, तिसरा वर्ग दिला आहे. त्याचे पोटभेद ते करतात हे खरे. तरीही गुराख्याची हाळी आणि यांत्रिक करवत एका छत्राखाली येतात, आणि अरण्यात राहणारा मनुष्य अरण्याबाहेरचा ठरतो. परिभाषा करताना केलेली ही वाटणी निरुपद्रवी नव्हे.

ह्या प्रदर्शनापेक्षा क्राउस यांचे एक जुने, साधे काम प्रस्तुत लेखकास अधिक मोलाचे वाटते. कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतात लिंकन मेडो नावाचे कुरण आहे. तेथे निवडक वृक्षतोड केल्याने पर्यावरणास बाधा येणार नाही, असे लाकूड-व्यावसायिकांनी रहिवाशांना सांगितले होते. क्राउस यांनी १९८८ मध्ये, तोडीपूर्वी, तेथील पहाट मुद्रित केली. वर्षभराने त्याच दिवसांत, त्याच वेळी, पुन्हा केली. डोळ्यांना कुरण जसेच्या तसे दिसत होते. छायाचित्राने व्यावसायिकांचीच बाजू घेतली असती. दुसऱ्या मुद्रणात मात्र ओढ्याचे पाणी आणि सुताराची टकटक एवढेच उरले होते. पुढे पंचवीस वर्षांत ते अनेकदा तेथे गेले. पूर्वीचा दाटपणा परतला नाही.

ह्या जोडीचे बळ तुलनेत आहे: स्थळ तेच, घटिका तीच, बदलले ते एकच. एकटे उच्चारण काही सिद्ध करीत नाही, हे भाषाशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही जाणतो. पॅरिसच्या भिंतीवर आफ्रिकेचे अरण्य, आमेझॉन आणि समुद्र एकामागून एक झळकतात आणि प्रत्येक आलेख देखणा दिसतो. त्यांतला कोणता भरलेला आणि कोणता ओसरत चाललेला, हे प्रेक्षकाने कशावरून ओळखावे? लिंकन मेडोच्या दोन पहाटा एकाच भिंतीवर शेजारी शेजारी मांडल्या असत्या, तर दुसरीचा बराचसा भाग अंधाराच राहिला असता. तो अंधार उजळ रंगांनी भरून काढण्याचा मोह त्या दृश्ययोजकांस आवरला असता की नाही, ह्याविषयी लेखक साशंक आहे.