‘आर्टिक्युलेशन’: स्पष्टता आणि सांधा

‘आर्टिक्युलेशन’ या संज्ञेसाठी मराठी समीक्षेत सहसा ‘अभिव्यक्ती’ हा पर्याय योजला जातो, तर ‘आर्टिक्युलेट’ या विशेषणासाठी ‘मुखर’. या पर्यायांत बोलणे उरते; सांधा निसटतो. ही हानी कोशापुरती मर्यादित नसून सिद्धांताच्या आकलनापर्यंत पोहोचते, हे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

लॅटिन ‘आर्टिक्युलस’ म्हणजे लहान सांधा. वाणीशी त्याचा संबंध जोडणारी कल्पना ग्रीक परंपरेतही आढळते. जिभेने आवाजाची सांध्यांनिशी केलेली विभागणी म्हणजे भाषा, अशी मांडणी ॲरिस्टॉटलने प्राणिविषयक ग्रंथात केली आहे. येथे स्पष्टता ही विभागणीतून येते. सोस्यूरच्या 1916 मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत याच लॅटिन अर्थाचे स्मरण दिलेले आहे.

संस्कृतातील ‘संधि’ हा शब्दही शरीराच्या सांध्याचाच वाचक. परंतु त्याचा भर जोडण्यावर आहे. व्याकरणातील संधीत दोन वर्णांमधील सीमा पुसली जाते. विभागणीचा अर्थ तेथे ‘पर्व’ या शब्दाने सांभाळला : बांबूचे पेर तेही पर्व आणि महाभारताच्या 18 भागांपैकी प्रत्येक भाग तेही पर्वच. लॅटिन शब्दात एकत्र नांदणारे अर्थ आपल्याकडे असे दोन शब्दांत वाटले गेले आहेत.

स्टुअर्ट हॉल यांच्या विवेचनात मात्र दोन्ही अर्थ अपरिहार्य ठरतात. 1986 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत त्यांनी मालमोटारीचा दृष्टान्त दिला. तिचा चालककक्ष आणि मागील भाग जोडलेले असतात, पण ते सुटेही करता येतात. विचारप्रणाली आणि समाजगट यांचा संबंधही असाच विशिष्ट परिस्थितीत घडतो. तो स्वयंसिद्ध नसतो. येथे ‘अभिव्यक्ती’ म्हटले की गटाच्या अंतरंगात विचार आधीच तयार होता आणि त्याला केवळ वाचा फुटली, असा अर्थ होतो. हॉल यांनी नाकारलेले गृहीतक अशा रीतीने अनुवादातून परत येते.

म्हणून या संदर्भात ‘सांधेजोड’ हा शब्द अधिक उचित वाटतो. जोडणारा कर्ता, जोडण्याचा प्रसंग आणि सुटण्याची शक्यता हे तिन्ही त्यात सूचित होतात. वाणीचा अर्थ त्यात येत नाही, ही त्याची मर्यादा होय. तेव्हा उच्चाराच्या संदर्भात ‘सुस्पष्ट उच्चारण’ आणि सामाजिक संबंधांच्या संदर्भात ‘सांधेजोड’ असे दोन पर्याय जाणीवपूर्वक योजावेत. एकाच मराठी शब्दाचा आग्रह धरल्यास मूळ संज्ञेतील अर्धा युक्तिवाद गमवावा लागतो.